भिंत फुगलीय म्हणून वाडा पाडायचा का?

मागच्या अंकात वाड्यांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा हा ढीग येऊन पडला. कुणी फोटो पाठवलेत, कुणी पेन्सिलीनं नकाशा काढून पाठवलाय, एका काकूंनी तर भिंतीचा पडलेला पोपडाच पाकिटात घालून धाडलाय (पोचला, निम्मा चुरा होऊन पोचला, पण काम झालं, त्याचं पुढं सांगतो). सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. आणि एक आधीच सांगतो, मी इतिहासाचा माणूस नाही. साताऱ्यात तीसेक वर्षं जुनी घरं दुरुस्त करतोय, त्यात जेवढं हाताला लागलं तेवढं सांगतो.

प्रश्न : सर, आमचा वाडा साताऱ्यात शनिवार पेठेत, पणजोबांच्या वेळचा. गल्लीकडची भिंत मधेच पोट सुटल्यासारखी पुढं आलीय. एक इंजिनिअर बघून गेले, ते म्हणाले डेंजर आहे, सगळंच उतरवून घ्या. चुलते म्हणतात बिल्डरला देऊन टाकू. आई म्हणते मी गेल्यावर काय करायचं ते करा. काय करावं?

आधी आईंना सांगा, एवढ्यात कुठं जायची घाई करू नका, काम निघणारे आणि गवंड्यांना चहा कोण देणार.

आता मुद्द्याचं. भिंत वेगळी आणि वाडा वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. आपण सिमेंटच्या काळातली माणसं, भिंतीला तडा दिसला की घर गेलं असं वाटतं, पण तुमचा वाडा भिंतीवर उभा नसण्याची शक्यता बरीच आहे. तो लाकडावर उभा असतो. सोप्यात, म्हणजे चौकाकडच्या उघड्या ओसरीत, जाऊन एका खांबासमोर पाट टाकून बसा आणि खालून वर बघत जा. खांब जमिनीत गाडलेला नाही, तो एका घडीव दगडावर ठेवलाय, त्याला तळखडा म्हणतात. ठेवलाय म्हणजे अक्षरशः ठेवलाय. लाकडाच्या पायाला जमिनीची ओल लागू नये म्हणून ही सोय. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडं हात पसरल्यासारखं आडवं लाकूड, तो हस्त, बऱ्याच ठिकाणी त्याला केळफुलाचं नक्षीकाम असतं. हस्तावर तुळई, तुळईवर ओळीनं कड्या, कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. हाच तो कडीपाट. पाटावर मातीचा जाड थर आणि ती वरच्या माडीची जमीन. खांबाच्या टोकाला कुसू काढलेलं असतं, ते वरच्या लाकडाच्या खाचेत बसतं आणि आरपार लाकडी मेख ठोकलेली असते. खिळा नावाला.

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. साधारण पाच-सहा फूट. आपली जुनी माणसं घर मोजायची ती खणांवर, पाच खणी, सात खणी, सोपा दोन खण खोल असला की दुघई. खण म्हणजे चोळीचं कापड, खण म्हणजे टेबलाचा कप्पा, आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडं दगड काढून झालेला पाण्याचा खड्डा सुद्धा खणच, त्यामुळं आमच्याकडं नवीन आलेला पोरगा "पाच खणी वाडा" ऐकून दोन दिवस विहिरी शोधत होता.

तर आता ती फुगलेली भिंत. सोप्यात जेवढे खांब दिसतात त्यांच्या बरोबर समोर, भिंतीच्या आतल्या अंगाला बघा. बऱ्याच वाड्यांत तिथंही खांब असतात, नुसते भिंतीत गाडलेले, वरून गिलावा असल्यानं दिसत नाहीत. तुळईची रेष धरून भिंतीपर्यंत जा आणि तुळई जिथं भिंतीत शिरते त्याच्या खाली वीतभर गिलावा काढून बघा. लाकूड लागलं तर तुमची गल्लीकडची भिंत ही नुसती पडदा आहे, वरचा भार तिच्यावर नाही. लाकूड नाही लागलं तर मग तुळईचं टोक भिंतीवरच टेकलंय, आणि मग गोष्ट जरा गंभीर, आधी टेकू लावायला पाहिजेत. सगळे वाडे सारखे नसतात, एकाच वाड्यात सुद्धा एक बाजू अशी आणि एक तशी सापडते, कारण भावकीनं तीन पिढ्यांत जोडकाम केलेलं असतं.

भिंत फुगते का, तर ही दोन अडीच फुटाची भिंत एकसंध नसतेच. बाहेरचं एक तोंड, आतलं एक तोंड आणि मधे गोटे आणि माती भरलेली. वर कुठंतरी पन्हाळ गळतंय, वर्षानुवर्षं पाणी त्या मधल्या भरावात उतरतंय, माती खाली बसत जाते आणि बाहेरच्या तोंडाला ढकलते. म्हणजे रोग वर आहे आणि पोट खाली सुटलंय. पहिलं काम, वळचणीला जाऊन कौलं आणि पन्हाळ बघणं. मग वाड्याला आतून टेकू देऊन तो फुगलेला भागच तेवढा वरून खाली उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, चढवताना दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब दगड मधे मधे टाकायचे, जे पहिल्या गवंड्यानं बहुतेक कंटाळा करून टाकलेले नाहीत. तोपर्यंत त्या भिंतीखाली कुणाला गाडी लावू देऊ नका. इंजिनिअर डेंजर म्हणाले ते त्या भिंतीपुरतं खरंच आहे, त्यांना वेड्यात काढायचं कारण नाही.

आणि भिंत पडली तर वाडा पडतो का? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोयनेचा भूकंप, पाटण तालुक्यात दगडमातीची घरं बसली, साताऱ्यापर्यंत भांडी वाजली. आणि पुढं ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी. तिथं कितीतरी घरांत दगडी भिंती कोसळल्या आणि मधे लाकडी खण तसेच उभे राहिले, डोक्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, घेऊन. लाकूड हलतं, कुरकुरतं, सांध्यात सरकतं, पण चटकन सोडत नाही. पण म्हणून वाडा भूकंपाला भारी असंही कुणी ऐकून घेऊ नका, किल्लारीत माणसं गेली ती त्याच जाड भिंतींखाली आणि वर्षानुवर्षं थर चढवत नेलेल्या मातीच्या धाब्याखाली. सांगाडा चांगला आणि त्यावर घातलेलं ओझं वाईट, असं झालं ते.

सांगाडा चांगला आहे का हे बघायला मशीन लागत नाही. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. खांबाच्या पायथ्याला, तळखड्याला टेकतो तिथं, आणि तुळईच्या भिंतीकडच्या टोकाला टोचा. चांगल्या सागवानात तो दोन-तीन मिलीमीटरच्या पुढं जात नाही, हाताला कळतं. सडलेल्यात मुठीपर्यंत जातो. मग बोटाच्या पेरानं वाजवत वर जा, भरीव आवाज कुठून सुरू होतो तिथं खडूनं खूण करा. चार-सहा खांबांचे पाय वीतभर गेले असतील तर घाबरू नका, तेवढाच तुकडा कापून नवीन लाकूड जोडता येतं, चांगला सुतार पाहिजे. सगळ्या तुळयांची टोकं गेली असतील तर मग चुलत्यांशी बोला.

प्रश्न : पोपडा सोबत पाठवत आहे. आमच्या माजघराच्या भिंतीला बारा वर्षांपूर्वी चांगलं सिमेंटचं प्लॅस्टर करून ऑइल पेंट दिला, भरपूर खर्च केला, तरी दर पावसाळ्यात असे पोपडे पडतात. परत प्लॅस्टर करू का? (मंगळवार पेठ, सातारा)

काकू, तरी नाही, म्हणूनच.

तुमचा पोपडा टेबलावर ठेवून भिंगातून बघितला. वर गुलाबी ऑइल पेंट, दोन हात. त्याखाली अर्धा इंच करडं सिमेंट, खणखणीत. आणि सगळ्यात मागं पांढऱ्या मातीचा पातळ थर चिकटून आलाय. म्हणजे सिमेंट सुटताना भिंतीचं कातडंच घेऊन सुटलंय. तुमची भिंत भेंड्यांची आहे, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटांची. ही भिंत पावसाळ्यात जमिनीतली ओल वर ओढते आणि उन्हाळ्यात सोडते, शंभर वर्षं तिचं हे चाललंय. चुन्याचा गिलावा असला की ओल त्यातून निघून जाते. सिमेंट आणि ऑइल पेंट म्हणजे तिला प्लास्टिकची पिशवी बांधली. ओल आतच राहते, वर वर चढते, माती मऊ होते आणि एक दिवस सिमेंटचा पत्रा माती घेऊन खाली येतो. आणि पोपडा पडला हे तुमचं नशीब समजा. पडला नसता तर ती ओल चढत चढत कडीपाटाच्या टोकांपर्यंत गेली असती आणि तिथं वाळवी वाटच बघत असते.

हे मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका वाड्याला आतून बाहेरून सिमेंट मारून दिलं होतं. मालक खूश, मी खूश, भिंती कशा सरळसोट चकचकीत. सात-आठ वर्षांनी त्यांनी बोलावलं, माडीची जमीन एका बाजूला कललीय म्हणाले. भिंत उघडली तर तीन तुळयांची टोकं हातानं चुरा करता येत होती, कॉफीच्या भुकटीसारखी. बाहेर दीड फुटावर तीच तुळई लोखंडासारखी. दीडशे वर्षं टिकलेलं सागवान मी आठ वर्षांत संपवलं. त्या माणसानं शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला, ते जास्त लागलं.

तर सिमेंट सगळं काढा, हलक्या हातानं, मोठा हातोडा नको. एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवा. बरं दिसणार नाही, पाहुणे विचारतील, सांगा हवा खातीय. मग चुना. जुने लोक चुना घाणीत, म्हणजे चुना दळायच्या घाण्यात, मळायचे, गोल दगडी चर, त्यात दगडी चाक आणि बैल, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा. घाणीचे ते गोल चर अजून कुठं कुठं मंदिराच्या आवारात पडलेले दिसतात. आता तुम्हाला बैल आणायला सांगत नाही, भिजवून महिनाभर मुरवलेला चुना आणि धुतलेली वाळू पुरे, वर चुन्याचीच सफेदी. फक्त गवंडी बघून घ्या. चुना हळू सेट होतो, आणि रोजावरच्या माणसाला तेवढा धीर नसतो, तुमची पाठ वळली की तो गुपचूप त्यात दोन घमेली सिमेंट टाकतो. पाठ वळवू नका.

प्रश्न : आमचा वाडा १८६५ सालचा आहे, कौलावर तसं साल कोरलेलं आहे, फोटो पाठवतोय. आजोबा मात्र म्हणायचे वाडा पेशवाईतला. कोण खरं? (मिरज)

फोटो बघून हसू आलं, कारण या १८६५ नं महाराष्ट्रात किती जणांना फसवलंय याची गणती नाही. १८६५ हे मंगलोरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला त्याचं साल. कारखान्याच्या छापात ते साल असायचं, कौल पुढं कितीही वर्षांनी काढलेलं असो. तसंच कुणाच्या कौलावर १८६८ असेल आणि अल्बुकर्क नाव असेल तर ते त्या कारखान्याच्या स्थापनेचं साल. दुकानाच्या पाटीवर "स्थापना अमुक" लिहितात ना, तसं. म्हणून आत घेतलेली साखर काय तेव्हाची नसते.

मग त्या कौलावरून कळतं काय? एवढंच, की हे छप्पर १८६५ च्या आधीचं नाही. उलट बरंच नंतरचं असणार, कारण मंगलोरहून कौलं घाटावर गाडीभर यायला रेल्वे पाहिजे आणि आपल्या मिरजेला रेल्वे आली १८८० च्या दशकात. पण छप्पर नंतरचं म्हणून वाडा नंतरचा असं नाही. त्याआधी नळीची कौलं असायची, कुंभारानं चाकावर काढलेली, अर्धगोल, माकडं उड्या मारून गेली की दरवर्षी शाकारणी. लोकांनी पैसे आल्यावर ती काढून मंगलोरी चढवली. तेव्हा आजोबा अगदीच चूक नसतील.

वाड्याचं वय बघायचं तर छपराकडं नको, लाकडाकडं बघा. टॉर्च घेऊन माळ्यावर जा. कड्यांच्या न दिसणाऱ्या बाजूवर हत्यारांच्या खुणा असतात. वाकसानं तासलेल्या लाकडावर उथळ खळगे खळगे दिसतात, हात फिरवला की लाटा लागतात. हातकरवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावाकड्या, एकसारख्या अंतरावर नसतात. आणि मशीनच्या गोल पात्यानं कापलं असेल तर कमानीसारख्या वाकड्या रेघा, एकावर एक. अशा रेघा दिसल्या की पेशवाई विसरा. खिळे बघा, लोहारानं ठोकलेला खिळा चौकोनी, डोकं ओबडधोबड, आणि कारखान्यातला तारेचा खिळा गोल. पण एक खिळा बघून निकाल देऊ नका, दुरुस्तीत नवीन खिळे जातातच, पन्नास ठिकाणी बघा.

दारावरची गणेशपट्टी घासून पुसून बघा, कधी कधी शके कोरलेला असतो, ऑइल पेंटच्या पाच थरांखाली. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे शके १७८२ असेल तर १८६० (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवा, एवढं बारीक कुणी विचारत नाही पण भावकीत पैज लागली असेल तर उपयोगी). कागदांचं म्हणाल तर सिटी सर्व्हेचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका, ती सर्व्हे झाला तेव्हा नाव कुणाचं होतं ते सांगते, वाडा कधी बांधला ते नाही. देवघरातल्या पेटीत मोडी कागद असतील तर ते कुणाकडून तरी वाचून घ्या, लॅमिनेशन मात्र करू नका, पाया पडतो. पेशव्यांकडून तुमच्या घराण्याला काही इनाम, वतन असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथं जाऊन चार दिवस धूळ खायची तयारी ठेवा.

जाता जाता साताऱ्याच्या दोन वाचकांना याच उत्तरात सांगतो, ज्यांचे पेठेतले वाडे "शिवकालीन" आहेत म्हणे. महाराजांनी १६७३ ला साताऱ्याचा किल्ला घेतला हे खरं, पण किल्ल्याखालचं हे शहर वसवलं ते थोरल्या शाहू महाराजांनी. त्यांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ चा, पेठा त्यानंतरच्या. तीनशे वर्षं पण कमी नाहीत हो.

प्रश्न : आमच्या वाड्यातून थेट अजिंक्यताऱ्यावर भुयार आहे असं सगळे सांगतात. तोंड बुजवलंय. उघडावं का? (यादोगोपाळ पेठ, सातारा)

साताऱ्यात ज्या वाड्यातून अजिंक्यताऱ्याला भुयार नाही असा वाडा मला अजून भेटायचाय. काळ्या पाषाणातून उभ्या चढाचं भुयार खणायचं आणि खणलेला दगड कुणाला न दिसता टाकायचा, हे काम सोपं नाही. तुमच्याकडं आहे ते तीनपैकी एक असणार. एक, पेव, म्हणजे जमिनीतलं धान्य साठवायचं कोठार, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. दोन, भिंतीतलं बळद, तेही धान्याचंच. तीन, पाण्याचा जुना मार्ग, महादऱ्याहून आणि यवतेश्वरच्या डोंगरातून शहरात पाणी खेळवलेलं होतं आणि वाड्यावाड्यांच्या हौदात ते यायचं. उघडायचंच असेल तर एकट्यानं डोकं घालू नका, बंद पेवात हवा वाईट असते, जुन्या काळी पेवात उतरलेला माणूस तिथंच राहिल्याच्या गोष्टी उगाच नाहीत. दोन दिवस तोंड उघडं ठेवायचं, जाणकार माणूस बोलवायचा, मगच काय ते. खजिना निघाला तर कॉलमला कळवा.

प्रश्न : वाड्यांचा खालचा मजला दगडी आणि वरचा विटांचा का असतो? आमच्या सरांनी सांगितलं की शाहू महाराजांनी पेशव्यांना दगडी वाडा बांधू दिला नाही म्हणून. मी नववीत आहे, प्रोजेक्ट आहे. (सातारा)

सरांनी सांगितलेली गोष्ट शनिवारवाड्याची आहे आणि ती सातारकर फार चवीनं सांगतात, मी पण सांगतो. बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत पाया घातला, १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये, सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. आणि म्हणे एक मजला दगडात झाल्यावर साताऱ्यात तक्रार गेली, की पूर्ण दगडाचा वाडा फक्त राजाचा असतो, म्हणून वरचे मजले विटांत आले. ही आख्यायिका आहे, प्रोजेक्टमध्ये "असे म्हणतात" घालून लिही.

पण बाळा, तुझ्या गल्लीतल्या सावकाराच्या वाड्याला कुठं शाहू महाराजांनी अडवलं होतं? तिथंही खाली दगड आणि वर वीटच आहे ना? कारण साधं आहे. खाली ओल, पाऊस उडतो, बैलगाडीचं चाक घासतं, म्हणून जोतं आणि खालची भिंत दगडाची. वर जाऊ तसं वजन कमी पाहिजे म्हणून वीट किंवा भेंडा, आणि सगळ्याला धरून लाकडाचा सांगाडा. शनिवारवाड्याचंच पुढं बघ, २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, आठवडाभर जळत होता, वरचं लाकडी सगळं गेलं आणि आज आपण बघतो ती जोती, तट आणि दरवाजे. ते दिवाणखाने कसे होते हे आता चित्र डोळ्यासमोर आणायचं फक्त.

म्हणून प्रोजेक्टला पुण्याला कशाला जातोस, वाईजवळ मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा, सहा चौकांचा, लाकडासकट उभा आहे. दिंडी दरवाज्यातून वाकून आत जायचं, मग देवडी, मग एकेक चौक, भिंतींवर जुनी चित्रं, आणि मागच्या अंगाला कृष्णेचा घाट. दाराचा अडसर बघून ये. मोठं चौकोनी लाकूड, दिवसा अख्खं भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचं आणि रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत घालायचं. बाहेरून शंभर जणांनी ढकललं तरी भार दारावर नाही, भिंतीवर. त्याचं चित्र काढ, मार्क मिळतील. आणि साताऱ्यातच असशील तर जुना राजवाडा आहेच, तिथल्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं, ते वाक्य पण घाल.

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचा वाडा. २००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर बघितले. २०१९ ला छातीपर्यंत पाणी आठ दिवस. वाडा पडला नाही पण खालच्या भिंती भुसभुशीत झाल्यात, खांबांचे पाय काळे पडलेत. आता सगळीकडं व्हिट्रिफाइड टाईल्स बसवून घ्याव्यात म्हणजे पुढच्या पुराला धुवायला सोपं, असा मुलाचा विचार आहे.

ताई, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यात शेजारची सिमेंटची घरं सुद्धा वर्षभर ओली राहिली, तुमचा वाडा उभा राहिला यातच सगळं आलं. आणि तो का राहिला, तर खालची माती विरघळली पण भार मातीवर नव्हता, तळखड्यांवर होता.

टाईल्स नकोत. जमिनीतली ओल आत्ता फरशीच्या सांध्यांतून निघून जातीय. टाईल्सनं आणि खालच्या सिमेंटनं तो रस्ता बंद झाला की ती ओल बाजूला सरकणार, म्हणजे भिंतीत आणि खांबांच्या पायात. धुवायला सोपं होईल, टिकायला अवघड. शहाबादी फरशी चुन्याच्या सांध्यात बसवा, ती पण धुता येते. खालची भुसभुशीत माती वीतवीत करून काढा, सगळी एकदम नाही, एक हात लांबीचा तुकडा काढायचा, तिथं भाजकी वीट चुन्यात भरायची, ती धरली की पुढचा तुकडा. कमरेइतकी उंची अशी बदलून घेतली की पुढच्या पुराला निदान विरघळणार नाही.

खांब काळे पडले म्हणजे सडले असं नाही. सागवान पाण्यात राहून काळं पडतं, वर दिलेली स्क्रू ड्रायव्हरची टेस्ट करा. चांगले निघाले तर पॉलिश पेपरनं घासून जवसाचं कोमट तेल पाजा, पितील तेवढं, दोन-तीन हात. ऑइल पेंट नाही, वॉर्निश नाही.

प्रश्न : जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. सोप्यातले चार कोरीव सुरूदार खांब आणि गणेशपट्टी मागतोय, कुठल्या तरी रिसॉर्टला पाहिजेत म्हणे. खांबांच्या जागी लोखंडी पाईप फुकट बसवून देतो म्हणतोय. पैसे बरे देतोय आणि आम्हाला गरज आहे. (सातारा)

गरज आहे म्हणताय तर उपदेश करत नाही, हिशोब सांगतो. ते चार खांब म्हणजे शो नाही, त्यांच्यावर माडी आहे. त्यांच्या डोक्यावरचा हस्त भार दोन्हीकडं पसरून खांबावर आणतो, पाईपच्या डोक्यावर तळहाताएवढी पट्टी असणार, तुळई तिथं दबणार. पाईप तळखड्यावर नीट बसत नाही म्हणून ही मंडळी तळखडा पण उचलतात आणि पाईप सरळ जमिनीत काँक्रीटच्या गोळ्यात रोवतात, पावसाळ्यात तो बसतो, एक पाव इंच, एक अर्धा इंच, आणि चौघे चार पातळ्यांवर गेले की वरचा कडीपाट उघडायला लागतो. मग तो नीट करायला जो खर्च येईल तो आत्ता मिळणाऱ्या पैशाशेजारी लिहून बघा. आणि वाड्यात हिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय एक खुंटी सुद्धा विकू नका, पुढं कोर्टात तो व्यापारी येत नाही.

विकायचंच असेल तर ज्यावर भार नाही ते बघा. माळ्यावर पडलेली जुनी दारं, मोडका पाळणा, झोपाळ्याच्या कड्या, पितळी कोयंडे, या लोकांना ते पण लागतं आणि तुम्ही अडगळ समजून बसलेले असता. एकाच माणसाला विचारू नका, तिघांना दाखवा.

आणि खांब आतून पोकळ झालेत, आज ना उद्या जाणारच आहेत, असं तो म्हणाला असेल, म्हणतातच, तर स्क्रू ड्रायव्हर आणा आणि त्याच्यासमोर टोचून दाखवा.